मूलाधारचक्राचे अर्थांतर : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय पदवीच्या वर्गात आला आणि चक्रकल्पना शिकविण्याची जबाबदारी इतिहास, तत्त्वज्ञान, शारीरिक शिक्षण अशा निरनिराळ्या विभागांतील प्राध्यापकांवर येऊन पडली. यासाठी बहुधा एक रंगीत तक्ता वापरला जातो. त्यात पाठीच्या कण्याच्या तळाशी एक तांबडे वर्तुळ असते आणि त्यापुढे ‘सुरक्षितता, स्थैर्य, निर्भयता’ असे शब्द असतात. हा तक्ता प्राचीन म्हणून सांगितला जातो. वस्तुतः मूलाधाराचे स्थान आणि त्यावरील साधना जुनी आहे. तक्त्यातील रंगयोजना व मानसशास्त्रीय आशय मात्र विसाव्या शतकातील आहे. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांपासून सुरुवात केली तर प्रथमच एक अडचण लक्षात येते. विभूतिपादात नाभिचक्राचा उल्लेख आहे, कंठकूपाचा आहे, मूर्धज्योतीचाही आहे. मूलाधार कोठेही नाही. चक्रांची सुसंगत मांडणी ही पुढे शैव-शाक्त तंत्रग्रंथांत विकसित झाली आणि तेथेही चक्रांच्या संख्येविषयी एकमत नव्हते. आज रूढ असलेली षट्चक्रांची परंपरा कुब्जिकामत तंत्राच्या शाखेतून नाथसंप्रदायाच्या हठयोगात आली. गोरक्षनाथांच्या नावावरील विवेकमार्तंडात आधारचक्र चार दळांचे सांगितले आहे. याउलट पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत कुंडलिनी व मूलबंध यांना मोठे स्थान असूनही सहा चक्रांचे क्रमवार वर्णन नाही. हठयोग्याला चित्रापेक्षा क्रिया अधिक महत्त्वाची वाटत असावी, असे यावरून म्हणता येते.

ज्ञानेश्वरीतील साक्ष :

मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आपली गुरुपरंपरा सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये गीतेवर टीका लिहिली. सहाव्या अध्यायात गीता केवळ आसन, स्थिर शरीर आणि एकाग्र दृष्टी एवढेच सांगते. ज्ञानेश्वर मात्र तेथे नाथपंथी योगाचा संपूर्ण क्रम उलगडतात. त्यातील मूलबंधाचे वर्णन आश्चर्य वाटावे इतके नेमके आहे. गुद व मेढ्र यांमधील चार बोटांची जागा, तिच्यातून दोन्हीकडची दीड दीड बोटे सोडावयाची आणि मध्ये उरलेल्या एका बोटाच्या जागी टाच दाबून धरावयाची. यालाच ते वज्रासन असेही गौण नाव देतात. मग कोंडलेला अपान मागे वळतो, उष्णता निर्माण होते आणि कुंडलिनी जागी होते. पाकळ्या, बीजाक्षरे, देवता यांच्या तपशिलात हे वर्णन रमत नाही. येथे मूळस्थान हे बोटांनी मोजता येणारे शरीरातील स्थान आहे. साधना म्हणजे ‘स्वतःला सुरक्षित वाटणे’ नव्हे. ती एक कठोर, जवळजवळ उग्र शारीरिक क्रिया आहे. बाराव्या अध्यायात हेच ज्ञानेश्वर योगमार्गाची बिकटता दाखवून भक्तीचा मार्ग सुलभ ठरवितात, हेही विसरता कामा नये. वारकरी परंपरेत नामस्मरण राहिले व मूलबंध मागे पडला, याचे बीज ग्रंथातच आहे.

तक्त्याची जडणघडण :

आजच्या तक्त्याचा मुख्य आधार वेगळाच आहे. पूर्णानंदांनी १५७७ मध्ये रचलेल्या ग्रंथातील ‘षट्चक्रनिरूपण’ हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन या टोपणनावाने ‘द सर्पंट पॉवर’ या ग्रंथात १९१९ मध्ये इंग्रजीत आणले. त्यातील मूलाधार असा : तांबूस चार दळे, त्यांवर व, श, ष, स ही अक्षरे, आत पृथ्वीतत्त्वाचा पिवळा चौकोन, लं हे बीज, त्याचे वाहन हत्ती, आणि स्वयंभू लिंगाला वेढून निजलेली कुंडलिनी. येथे तांबडा रंग पाकळ्यांचा आहे, तत्त्वाचा पिवळा. वरच्या चक्रांचे रंगही इंद्रधनुष्याच्या क्रमाने येत नाहीत. मणिपूराच्या पाकळ्या तर मेघश्याम आहेत. तळाला तांबडा आणि माथ्याला जांभळा ही सात रंगांची उतरंड पाश्चात्त्य गूढवादी लेखनातून घडत गेली व १९७० च्या दशकात स्थिरावली.

अर्थाचे स्थलांतर याआधीच सुरू झाले होते. १९३२ मध्ये झुरिचमधील व्याख्यानांत कार्ल युंग यांनी मूलाधाराचा अर्थ आपण ज्यात रुजलेलो आहोत ते नित्याचे, जागृत व्यवहाराचे जग असा लावला. हा अर्थ मार्मिक आहे, परंतु तो युंग यांचा आहे. पुढे अमेरिकेतील देहमनोविचाराच्या लेखकांनी त्यास जगण्याची धडपड व सुरक्षिततेची भावना यांची जोड दिली. आपल्याकडे हा आशय इंग्रजी पुस्तकांतून परत आला आणि आपला म्हणून स्वीकारला गेला.

याच काळात दुसरा प्रवाह शरीरशास्त्राचा होता. दयानंद सरस्वतींनी गंगेतून वाहत आलेले प्रेत फाडून ग्रंथांतील चक्रवर्णन पडताळले आणि मेळ बसत नाही असे पाहून ते ग्रंथ प्रेतासह नदीत सोडून दिले, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. मुंबईतील डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये उलट दिशेने जाऊन कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस मज्जा असे प्रतिपादन केले. दोघांनीही चक्र हा शवविच्छेदनात सापडावा असा अवयव मानला, एवढे साम्य मात्र बोलके आहे. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांत पोटातील दाब प्रत्यक्ष मोजला. जे मोजता येते तेवढेच मोजले.

मूलबंधाच्या अभ्यासातही हेच पथ्य पाळावे लागते. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये प्रसूतीनंतर दुर्बल झालेल्या श्रोणितलाच्या स्नायूंसाठी आकुंचनाचा व्यायाम सुचविला. मूलबंधातही त्याच भागाचे आकुंचन होते. म्हणून ‘आपल्या योग्यांना हे पूर्वीच ठाऊक होते’ असे विधान परिसंवादांतून सर्रास केले जाते. स्नायू एक असले तरी प्रयोजन एक नाही : केगेल यांना मूत्रावरील नियंत्रण परत मिळवून द्यावयाचे होते, तर हठयोग्याला अधोगामी अपान वर वळवून प्राणाशी जोडावयाचा होता. पहिल्याचा परिणाम रुग्णालयात तपासता येतो. दुसऱ्याचा अर्थ ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडूनच शिकवावा लागतो.