अकोल्यातले अमेरिकन मास्तर

आमच्या अकोल्यातल्या अमेरिकन मास्तरांची गोष्ट दुष्काळाशी जोडलेली. १८९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरकी झालेली मुलं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशननं अकोल्यात सांभाळली, मुली खामगावात. त्यांना शिकवायचं म्हणजे मास्तरांनी आधी स्वतः मराठीची परीक्षा द्यायची. पुस्तकी मराठीवर पास झालेल्या साहेबासमोर पोरगं वऱ्हाडीत म्हणे, ‘कावून जी?’, म्हणजे ‘का हो?’ पुढचं मी कल्पनेनं सांगू शकते. पुण्याहून मास्तरीण होऊन आले तेव्हा माझीही तीच गत होती! वर्गात पाट्या, बाळबोध, मोडी. धर्मप्रसाराचा हेतू उघडच होता. पण उपाशी पोराच्या हाती भाकरीसोबत पाटी दिली, हेही खरं. उन्हाळ्यात मिशनवाले चिखलदरा गाठत. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सननं शोधलेलं, सुमारे ११०० मीटर उंचीचं ते गारव्याचं ठिकाण. पोरं मात्र अकोल्याच्या उन्हातच.