घोड्याच्या पायावरचा डाग

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की जनावरांवर औषधाविना उपचार करण्याची ही जी लाट आली आहे, लेझर म्हणा, चुंबकाच्या पट्ट्या म्हणा, मूळ पेशी म्हणा, तिचा इतिहास काय? मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगतो. तत्त्वज्ञानाचा माणूस, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. म्हणून सगळ्या उपचारांची यादी न करता आज एकच दुखणं घेतो. शर्यतीच्या घोड्याची कंडरा.

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली, नळीच्या हाडामागे बोट लावलं तर जाड दोरीसारखं काहीतरी लागतं. ती कंडरा. तिथे मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. घोडा भरधाव निघाला की पाऊल टेकताना ही दोरी ताणते, उचलताना आखडते, आणि हा ताण तुटण्याच्या सीमेच्या अगदी जवळ जातो. १९९४ मध्ये विल्सन आणि गुडशिप यांनी दौडत्या घोड्यांच्या कंडरेच्या गाभ्याचं तापमान मोजलं, ते ४५ अंशांच्या आसपास भरलं. आतले तंतू तुटले की पायाची मागची बाजू सुजून धनुष्यासारखी बाक धरते. जखम भरते, पण मूळच्या तंतूंच्या जागी व्रणाचा ताठर पदार्थ येतो. त्याला पहिल्यासारखं ताणता येत नाही. मग घोडा पुन्हा पळवला की पुन्हा तिथेच, नाहीतर शेजारी तुटतं.

यावर शतकानुशतकं उपाय काय होता? डाग. लोखंड तापवून पायावर आडव्या रेघा ओढायच्या, किंवा टोकदार सळीने ठिपक्यांची रांग उठवायची. आपल्याला हे परकं वाटायला नको. सुश्रुताने माणसांसाठी अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. आपल्याकडे गुरांना डागतात, आणि मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटाला चटके देण्याची 'डंभा' नावाची प्रथा आहे. युरोपात तर पशुवैद्यकाची रीतसर महाविद्यालयं निघाली, ल्योंचं १७६१ च्या राजाज्ञेने, लंडनचं १७९१ मध्ये, तरी डागणी गेली नाही. उलट तिला उपपत्ती मिळाली. जुनाट सूज हटत नसेल तर नवी, तीव्र सूज निर्माण करा. रक्त धावून येईल आणि जुनंही बरं होईल. ऐकायला किती पटण्यासारखं आहे बघा! भूल देण्याची सोय नव्हती त्या काळात घोड्याला दोरांनी जखडून, ओठाला पीळ घालून हे केलं जाई. आणि हा उपचार, बरं का, शंभर टक्के औषधविरहित होता.

घोडे बरे होत का? होत असत! निदान पुष्कळ होत. म्हणून तर डागणी टिकली. पण डाग दिलेला घोडा लगेच पळवता येत नाही. पाय पोळलेला, कातडी भरून यायची. तो महिनोन्‌महिने तबेल्यात किंवा कुरणात राही. आता सांगा, बरं कशाने झालं? लोखंडाने की विश्रांतीने? आपल्या परंपरेत काकतालीय न्याय आहे. कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ. इथे तर कावळ्याबरोबर अख्खं वर्ष येऊन फांदीवर बसलं होतं, आणि श्रेय सगळं कावळ्याला.

हे सोडवायचा मार्ग एकच. काहींना डाग द्यायचा, काहींना नाही, विश्रांती मात्र सगळ्यांना. ब्रिस्टल विद्यापीठात इयन सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी असा दीर्घ अभ्यास केला, तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. डागल्याने कंडरा अधिक चांगली भरत नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे इतक्या पिढ्यांच्या घोड्यांनी ते सोसलं ते कशासाठी? हा प्रश्न मला इतिहासाचा वाटत नाही, नीतीचा वाटतो. अर्थात सगळ्यांना हे पटलं नाही. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या हाताने घोडे डागले आणि बरे झालेले पाहिले, त्याला कसं पटावं?

त्यानंतर आल्या मूळ पेशी. २००३ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधल्या रॉजर स्मिथ आणि मंडळींनी घोड्याच्याच अस्थिमज्जेतून पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, त्याच्याच जखमी कंडरेत सोडल्याचं प्रसिद्ध केलं. व्रण नको, मूळचे तंतू परत यावेत, ही कल्पना. २०१२ मध्ये अशा ११३ शर्यतीच्या घोड्यांचा हिशेब आला; पुन्हा दुखापत झाली सुमारे २७ टक्क्यांना. जुन्या आकड्यांपेक्षा हे पुष्कळ कमी. पण थांबा. तुलना जुन्या, दुसऱ्यांनी छापलेल्या आकड्यांशी होती. आणि या घोड्यांना जवळपास वर्षभराचा शिस्तीचा, मोजूनमापून व्यायामही दिला होता. पुन्हा तोच कावळा! फरक एवढाच की या वेळी संशोधकच सावध होते. २०१३ मध्ये त्यांनी १२ घोडे घेतले, निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. सहा महिन्यांनी कंडरा तपासल्या तेव्हा पेशी दिलेल्या खरोखर निरोगी कंडरेच्या जवळ आल्या होत्या. मात्र कंडरा कापून तपासायच्या म्हणजे घोडे मारावे लागले. तेही सांगितलं पाहिजे.

मुळात जनावर बोलत नाही. बरं वाटतंय का, याचं उत्तर त्याच्या वतीने मालक देतो. २०१२ मध्येच अमेरिकेत संधिवाताच्या ५८ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना औषध म्हणून निव्वळ खोटी गोळी दिली होती. चालीचं मोजमाप यंत्राने केलं आणि मालकांनाही विचारलं. सुमारे चाळीस टक्के वेळा, यंत्राला काही सुधारणा दिसत नसताना मालकांना ती दिसली. आणि पशुवैद्यांचा आकडा? तो याहून थोडा जास्तच!

मी हे हसून सांगतोय खरा. पण आमच्या मोत्याचे मागचे पाय धरले तेव्हा मी स्वतः वेदनाशामक गोळ्या नाकारल्या होत्या. रसायनं नकोत, म्हटलं. एका ठिकाणी लेझर सुरू केलं, चार महिने. दर आठवड्याला मी घरी येऊन सांगायचो, आज बघा कसा जिना चढला. शेवटी नातवाने पहिल्या आठवड्यातलं आणि आत्ताचं, अशी मोबाइलवरची दोन चित्रणं एकापाठोपाठ लावून दाखवली. चाल तीच होती. किंचित वाईटच. दुसऱ्या दिवशी गोळ्या आणल्या, त्याचं वजनही उतरवलं. पुढे दोन पावसाळे तो बऱ्यापैकी हिंडला. पण ते चार महिने त्याला दुखत होतं, आणि मी सगळ्यांना सांगत होतो की त्याला बरं वाटतंय.

असो. वेळ झाली आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.