गोष्ट नसलेलं पुस्तक

दोन वर्षांपूर्वी ताईकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा एका रात्री भाचीला झोपवायचं काम माझ्याकडे आलं. तिने एक पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं: 'गुडनाइट मून'. पाच मिनिटांत वाचून झालं. मोठ्या हिरव्या खोलीत सशाचं पिल्लू अंथरुणात पडलंय, खुर्चीत सशांमधलीच एक म्हातारी विणकाम करतेय, आणि पिल्लाला झोपवताना खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतला जातो. बस्स. "यात गोष्ट कुठाय?" मी ताईला विचारलं. भाची म्हणाली, "मामा, परत वाच." त्या रात्री चार वेळा वाचलं.

हे पुस्तक 1947 साली निघालं. शब्द मार्गारेट वाइज ब्राऊनचे, चित्रं क्लेमंट हर्डची. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते फार भावुक आहे म्हणून नाकारलं आणि थेट 1972 पर्यंत घेतलं नाही. पंचवीस वर्षं!

या नकारामागे ॲन कॅरल मूर या बाईंचा दबदबा होता. त्या 1941 मध्येच निवृत्त झाल्या होत्या, पण शब्द त्यांचाच चाले. त्यांना खलनायिका करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. 1906 पासून त्यांनी या ग्रंथालयात मुलांचे विभाग उभे केले. मुलांच्या मापाच्या खुर्च्या, गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम, सही करून पुस्तक घरी नेण्याचा मुलांचा हक्क, यासाठी त्या झटल्या. मुलांना उत्तम तेच मिळावं, हा त्यांचा आग्रह. फक्त उत्तम म्हणजे परीकथा, लोककथा, कल्पनेची भरारी.

त्याच शहरात ल्यूसी स्प्रेग मिचेल नेमकं उलट सांगत होत्या. 1916 मध्ये त्यांनी शिक्षणातल्या प्रयोगांसाठी एक संस्था सुरू केली; पुढे ती 'बँक स्ट्रीट' या नावाने ओळखली गेली. 1921 साली त्यांचं 'हिअर अँड नाऊ स्टोरी बुक' आलं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला राजवाडा कशाला हवा? त्याला रस्ता, आगगाडी, स्वतःचे हातपाय हेच अजून नवे आहेत. कथानकाच्या आधी त्याला नाद कळतो, ताल कळतो, पुन्हा पुन्हा येणारा शब्द कळतो. मिचेलबाईंच्या संस्थेत मुलं काय बोलतात ते टिपून ठेवत.

1935 मध्ये ब्राऊन तिथे शिक्षिका व्हायला गेली आणि लेखिका झाली. लिहिलेलं मुलांना वाचून दाखवायचं, ती कुठे चुळबुळतात ते पाहायचं आणि तिथे बदलायचं, ही तिथली रीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'युजर टेस्टिंग' म्हणून मिरवतो, ते हेच.

हे कळल्यावर मी पुस्तक नीट पाहिलं. घड्याळात सुरुवातीला सात वाजलेत, शेवटी आठ वाजून दहा मिनिटं. खिडकीतला चंद्र हळूहळू वर चढतो. पानागणिक खोलीतला उजेड कमी होतो, पण एकदम कुठेच अंधार पडत नाही. खोलीत एक छोटा उंदीर आहे. त्याच्याबद्दल मजकुरात फारसं काही नाही, पण रंगीत पान आलं की तो नव्या जागी असतो. वाचणारा ओळी वाचतो आणि ऐकणारं मूल उंदीर शोधतं. अक्षर न येणाऱ्यालाही काम आहे. आणि यमक! पुढचा शब्द भाची माझ्याआधी म्हणायची. आधीच माहीत असणं मोठ्यांना कंटाळवाणं वाटतं. झोपेच्या काठावरच्या मुलाला तोच आधार असतो.

आधार कशासाठी? मी लहानपणी आजीच्या कुशीत झोपायचो. ती थोपटायची, आणि मध्यरात्री जाग आली तरी शेजारीच असायची. भाचीला मात्र स्वतःची खोली आहे. वाचून झालं की मोठं माणूस दिवा मालवून निघून जातं. एकेका वस्तूचा निरोप घेण्याची गरज मला कधी पडलीच नव्हती.

चौथ्यांदा वाचताना शेवटच्या पानावर भाचीने खुर्चीवर बोट ठेवलं. "आजी नाहीये." खरंच, खुर्चीत आता फक्त मांजराची पिल्लं झोपली होती. म्हातारी कधी उठून गेली, ते पुस्तक सांगत नाही. माझी आई सहा महिने ताईकडे राहून आदल्याच आठवड्यात पुण्याला परतली होती. मी काय बोलावं याचा विचार करत होतो, तोवर भाचीने स्वतःच पान उलटून पुस्तक मिटलं आणि कूस बदलली.

ब्राऊन 1952 साली, 42 व्या वर्षी गेली. तिला मूलबाळ नव्हतं. तोवर हे पुस्तक काही गाजलं नव्हतं. पुढे ते घराघरांतून वाढत गेलं. 2020 मध्ये त्याच ग्रंथालयाने 125 वर्षांत सर्वाधिक वाचायला नेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढली. त्यात हे नाही, पण खाली खास उल्लेख आहे: आम्ही 1972 पर्यंत ठेवलं नव्हतं, म्हणून मागे पडलं.

मूरबाईंना हसायचा हक्क मला नाही. मांडीवर मूल असूनही माझाही पहिला प्रश्न तोच होता.