कोलारची खाण आणि मारिकुप्पमचा बुद्ध

कोलारचे सोने आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाठ केले. ते सोने कोणी काढले, हे मात्र त्या पुस्तकाने सांगितले नाही. ते पाहण्यासाठी मी बंगळूरहून आगगाडीने मारिकुप्पमला गेलो.

स्टेशनाबाहेर पडलो की पांढुरक्या टेकड्या दिसतात. त्या निसर्गाने केलेल्या नाहीत. दगड दळून, सायनाइडने सोने काढून घेतल्यावर उरलेला तो गाळ आहे. सोने गेले आणि गाळ कामगारांच्या वस्तीपाशी राहिला. वाऱ्याबरोबर तो आजही घराघरांत शिरतो.

1880 मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी येथे आली. 1902 मध्ये शिवसमुद्रमची वीज या खाणींना मिळाली. बंगळूर शहराला ती 1905 मध्ये मिळाली. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. त्या खोलीत उतरणारे बहुसंख्य लोक उत्तर अर्काट आणि चित्तूरकडचे आदि-द्रविड, म्हणजे आपलेच अस्पृश्य बांधव. गावच्या वेठीतून सुटण्यासाठी ते पाताळात उतरले. तेथे खडक फुटून माणसे मेली, दगडाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी झाली. वर आल्यावर सोने चोरले काय म्हणून अंगझडती होई. 1930 मध्ये बोटांचे ठसे घेण्याचे फर्मान निघाले, तेव्हा कामगारांनी संप केला. तो संप केवळ मजुरीचा नव्हता. माणूस म्हणून जगण्याचा होता.

परंतु मी येथे आलो तो आणखी एका कारणाने. पंडित अयोतीदास यांनी 1898 मध्ये मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. त्याची शाखा मारिकुप्पमच्या या खाण कामगारांनी चालवली. चॅम्पियन रीफच्या सिद्धार्थ प्रकाशनाने अयोतीदासांचे लेखन छापले. दिवसभर अंधारात राबणारी माणसे आपल्या तुटपुंज्या मजुरीतून पुस्तके छापत होती! नागपूरच्या 1956 च्या दीक्षेआधी अर्धशतक हे घडत होते. त्याच चळवळीतले प्रा. लक्ष्मी नरसू, त्यांचा बौद्ध धर्मावरील ग्रंथ बाबासाहेबांनी 1948 मध्ये स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा प्रकाशित केला. म्हणजे हा धागा बाबासाहेबांना ठाऊक होता. तो विसरलो आपण.

28 फेब्रुवारी 2001 रोजी खाणी बंद झाल्या. आता येथील हजारो माणसे रोज पहाटेच्या गाडीने बंगळूरला मजुरीला जातात. स्टेशनावर एका वृद्ध निवृत्त कामगाराला मी 'जय भीम' म्हटले. त्याने हात जोडून 'जय भीम' म्हटले आणि खोकत खोकत बाकावर जागा करून दिली. माझी तमिळ नाही, त्याची मराठी नाही. तेवढ्या दोन शब्दांवर आमचे भागले. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार या गावाने विधानसभेत का पाठवले, ते मला तेव्हा उमगले.

या गावाच्या नावावर 2018 मध्ये मोठा चित्रपट निघाला. त्यात हे कामगार, त्यांचा संघ, त्यांचा छापखाना कोठे आहे? चित्रपटवाल्यांना काय दोष द्यावा? आपल्या अभ्यासवर्गांत तरी तो कोठे आहे? चळवळीचा इतिहास महाराष्ट्राच्या वेशीपाशी थांबत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी तमिळ शिकावे आणि मारिकुप्पमची ती पुस्तके मराठीत आणावीत. हे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करणार नाही.