अंटार्क्टिकातील खनिजसंपत्ती

दक्षिण ध्रुवाभोवतीच्या या खंडाचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे. उघड्या खडकांत कोळसा (ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत) आणि लोहखनिज (प्रिन्स चार्ल्स पर्वत) आढळले. पण खनिज दिसले म्हणजे साठा मिळाला असे नव्हे. झाकलेला खडक कळणे किती कष्टाचे, हे किल्लारीत (जि. लातूर) दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तेथे ६१७ मी. खोल बोअर घेतले, ३३८ मी. काळा बेसाल्ट, मग जेमतेम ८ मी. गाळाचे खडक आणि त्याखाली अतिप्राचीन पट्टिताश्म लागला. अंटार्क्टिकावर तर सरासरी सुमारे २ किमी. जाडीचा बर्फ, तोही सरकता. गोंडवनभूमी या प्राचीन महाखंडात हा खंड भारताला जोडलेला होता, म्हणून भारतातल्यासारख्या खनिजांची आशा धरतात. तो तर्कच आहे. १९९८ पासून अमलात असलेल्या अंटार्क्टिकाविषयीच्या माद्रिद करारानुसार तेथे वैज्ञानिक संशोधनाखेरीज खनिजविषयक कामांना बंदी आहे.