आधी दुसरीची गोष्ट, मग आपली



आमच्या गटाच्या बैठकीत हिशेब झाला, पासबुकं परत वाटली आणि मग ठरवलेलं काम निघालं. साठीच्या पुढच्या बायांनी आपलं आयुष्य सांगायचं आणि शिकलेल्या सुना-लेकींनी ते वहीत उतरवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. त्यासाठी नवी वहीही आणली होती. पहिल्या आजीला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्यात काय आहे सांगण्यासारखं? धान रोवले, धान कापले, पोरं वाढवली." दुसरीचंही तेच. तिसरी तर पदरात तोंड लपवून नुसती हसत राहिली. अर्धा तास वही कोरीच होती.

मग एका आजीनं आपल्या नणंदेचा विषय काढला. नणंद लग्नानंतर सहा महिन्यांत माघारी कशी आली, तिला घरचे काय काय बोलले, मोहफुलं वेचायला ती अंधारातच एकटी कशी निघायची. आम्ही ऐकत होतो. चहा झाला, कप उचलले गेले. आजी कधीची नणंदेचं सोडून स्वतःचंच सांगायला लागली होती, आणि ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

आधी वाटलं, ही आपल्या झाडीपट्टीतल्या बायांची लाजरी रीत असेल. पण आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी घरची पुस्तकं आणून दिली, काही वाचूनही दाखवली. तेव्हा कळलं की मराठीत ज्या बायांनी आपलं आयुष्य सांगितलं, त्यातल्या कितीतरी जणी याच वाटेनं गेल्या आहेत. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल.

पुस्तकाच्या आधी कामाची जागा होती. देशावर ती जागा म्हणजे जातं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा धरायच्या, आणि ओवीतून सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, नवऱ्याचा मार, सगळं बाहेर यायचं. घरातले पुरुष झोपलेले. ऐकणारी फक्त समोरची बाई, आणि तिच्याही पोटात तेच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपला मुलूख भाताचा. इथं जात्याइतकंच उखळ-मुसळ चालायचं, आणि खरं बोलणं व्हायचं ते रोवणीला. चिखलात वाकून, हातात पऱ्ह्यांची पेंडी, दहा-बारा बायांची ओळ मागं सरकत जाते तेव्हा कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. म्हणूनच कदाचित तिथं बोलता येतं. बैठकीत खुर्चीवर बसवून, समोर वही धरून "सांगा" म्हटलं तर जीभ अडते, हे आम्ही त्या दिवशी बघितलं.

कागदावर आपली कथा आणणाऱ्या जुन्या बायांत संत बहिणाबाई येतात. या सतराव्या शतकातल्या, तुकाराम महाराजांच्या शिष्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्यांच्याकडं पुढं येऊ. या बहिणाबाईंनी अभंगांतून आत्मचरित्रच सांगितलं. लहानपणीच वयानं खूप मोठ्या नवऱ्याशी लग्न झालं, आणि कीर्तनाचा नाद लागला म्हणून नवऱ्यानं मारलं, हेही त्यांनी लपवलं नाही. देवाचं नाव घेता घेता घरातला मार सांगून टाकला. तीनशे वर्षांपूर्वी हे बोलायला काय लागलं असेल, याचा विचार आम्ही बराच वेळ करत बसलो.

सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे आणखी लहान. १८५५ साली, चौदा-पंधरा वर्षांची असताना तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्यात तिनं बाळंतिणींचं सांगितलं आहे, डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात ते. पोरीनं स्वतःचं नाही, आपल्या सगळ्या बायांचं सांगितलं, आणि त्यातच तिचं स्वतःचं आलं.

रमाबाई रानडे यांचं पुस्तक १९१० साली आलं. न्यायमूर्ती रानडे वारले १९०१ साली. पुस्तकाचं नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. 'माझ्या' नाही, 'आमच्या'. बाहेरून बघितलं तर ते नवऱ्याच्या आठवणींचं पुस्तक. पण वाचायला घेतलं की दिसते ती अकरा वर्षांची नवरी. नवरा तिला रात्री शिकवतो, आणि दिवसा घरातल्या बाया त्याच शिक्षणावरून तिला टोचून टोचून बोलतात. आमच्या गटातली एक सून हे ऐकून म्हणाली, "माझ्या बी.ए.च्या परीक्षेच्या वेळी घरात असंच होतं." तिची सासू शेजारीच बसली होती. जरा शांतता झाली. मग सासूच म्हणाली, "हो, मी बोलले होते."

आता लक्ष्मीबाई टिळकांकडं येऊ. आम्हाला सगळ्यांत जवळच्या त्याच वाटल्या, आणि त्याला एक कारण आपल्या गोंदियाच्या रेल्वेचंही आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांना राजनांदगावला नोकरी मिळाली होती. १८९३ साली ते नागपूरहून तिकडं गाडीनं निघाले. ती गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते, आजही. डब्यात एक गोरा साहेब भेटला. कवितेच्या गप्पा निघाल्या, त्या धर्मावर गेल्या, आणि साहेबानं बायबल वाचायला दिलं. त्या एका प्रवासानं लक्ष्मीबाईंचा संसार उलटापालटा झाला. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला. बायको माहेरच्या माणसांत, हाताशी लहान मुलगा, आणि लोकांचं बोलणं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढं लक्ष्मीबाई नवऱ्याकडं परत गेल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचारानं त्यांनीही तो धर्म घेतला. कुणाचा धर्म बरोबर, हा आमचा विषय नाही. आम्हाला लागलं ते एवढंच, की निर्णय एकानं गाडीत घेतला आणि त्याची झळ दुसरीनं घरात सोसली. आपल्याकडं कामासाठी बाहेर गेलेल्या कितीतरी माणसांच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नव्हती. लग्नानंतर अक्षरं शिकल्या, जोडाक्षरं शेवटपर्यंत त्रास द्यायची. टिळक गेल्यावर मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला बसला आणि आईला म्हणाला, तुझ्या आठवणी लिहून दे. बघा, इथंही सुरुवात दुसऱ्याच्याच गोष्टीनं झाली! त्या आठवणींची झाली 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ साली आला, बाकीचे त्यानंतर. १९३६ साली त्या वारल्या. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत आज त्या पुस्तकाचं नाव घेतात. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवायला लावायचे, असं त्या सांगतात, आणि आम्ही तर पोट धरून हसलो. स्वतःच्या फजित्याही त्या तशाच सांगतात. दुःख सांगतानाही "बघा माझ्यावर काय वेळ आली" असा सूर नाही. आम्हाला वाटतं, म्हणूनच ऐकणारीला आपलं दुःख तिच्यापुढं काढायची हिंमत येते.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. शेतात, जात्यावर त्या गाणी जोडायच्या. मुलगा सोपानदेव आणि आणखी एक नातलग, दोघांनी ती कागदावर उतरवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला वारल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या हाती ती वही पडल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं. ती वही नसती तर काय राहिलं असतं? आपल्या गावात अशा किती बाया गेल्या, ज्यांच्याजवळ लिहून घेणारं कुणी नव्हतं, हे मोजता येणार नाही.

आणि ज्यांना लिहिता येत होतं त्यांचं तरी कुठं सोपं होतं? फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचता वाचता वाचनाची गोडी लागली. मग त्या गुपचूप लिहायला लागल्या आणि ते लिहिलेलं जवळजवळ वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणला राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते बाहेर काढायला हिंमत दिली. आधी ते 'स्त्री' मासिकात आलं, म्हणजे आपल्या या मासिकासारख्याच एका बायांच्या मासिकात, आणि १९८६ साली पुस्तक झालं: 'जिणं आमुचं'. इथंही 'आमुचं'. महारवाड्यातल्या बायांची भूक, अंगात येणं, सासवांचा जाच, आणि बाबासाहेबांच्या शब्दानं झालेला बदल, सगळं त्यात आहे. आपल्याच माणसांनी आपल्या बायांशी कसं वागवलं, हेही त्यांनी झाकलं नाही. बाहेरच्याकडं बोट दाखवणं त्यामानानं सोपं असतं.

त्याच साली शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तक म्हणून आलं. नाव पुन्हा वाचा. 'माझ्या जन्माची' नाही, 'माज्या जल्माची'. शांताबाई स्वतः शिक्षिका होत्या, शुद्ध मराठी त्यांना येत होतं. तरी नाव त्यांनी आपल्या बोलीत ठेवलं. त्यावरून दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिकाही झाली. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या वहीत पहिली चूक इथंच झाली. आजी झाडीबोलीत सांगत होती आणि लिहिणारी सून ते शाळेच्या मराठीत बदलून लिहीत होती. वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, "हे कोणाचं आहे?" तेव्हापासून पोवारीत बोललेलं पोवारीत, गोंडीत बोललेलं गोंडीत, जसं तोंडातून आलं तसं लिहितो. लिहायला वेळ लागतो, लागू द्या.

आपल्या विदर्भातलंही एक सांगायलाच हवं. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब हजर होते आणि सुमारे २५ हजार बाया जमल्या होत्या. तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. त्या हजारो बायांनी घरी परत जाऊन काय सांगितलं, कुणी लिहिलं? बरीच वर्षं फारसं कुणी नाही. मग मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांकडं घरोघरी गेल्या, बसल्या, ऐकलं, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. जाईबाई चौधरींसारख्यांची कथा त्यामुळं लोकांपर्यंत पोचली. जाईबाई उमरेडच्या, लहानपणी दुष्काळात नागपूरला आल्या, डोक्यावर ओझी वाहून पोट भरलं. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि अस्पृश्य बाई शिकवते म्हणून लोकांनी ती नोकरी घालवली. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली.

आता आमच्या आजीकडं परत येतो. नणंदेच्या गोष्टीतून ती स्वतःवर आली तेव्हा तिनं एक कागद सांगितला. नवरा कामासाठी परगावी होता. घरातल्याच एका माणसानं कागद आणला आणि सही म्हणून तिचा अंगठा लावून घेतला. वाचून कुणी दाखवला नाही, तिनंही विचारलं नाही. तलावाखालची बांधी गेली. चाळीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, पोटच्या लेकीलाही नाही. "मीच मूर्ख ठरले असते," म्हणाली. त्यावर कोपऱ्यातली एक बाई उठून पुढं येऊन बसली. तिच्याही घरी असाच एक कागद झाला होता, आणि तो जुना नव्हता, याच उन्हाळ्यातला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी तिच्याबरोबर तलाठ्याकडं सातबारा काढायला गेलो. त्याचं काय होतं ते अजून व्हायचं आहे.

हे सगळं वहीत ठेवायचं का, यावर आमच्यात भांडण झालं, हेही लपवत नाही. काही जणी म्हणाल्या, गटात बोललेलं गावात जातं आणि घरी मार बसतो. ते खोटं नाही, असं झालेलं आहे. शेवटी ठरलं की वही गटाच्या पेटीत, कुलपात राहील. ज्या बाईचं आहे तिला आधी वाचून दाखवायचं, ती खोड म्हणेल ते खोडायचं, आणि रेडिओवर जाण्याआधी तिला पुन्हा एकदा विचारायचं. मोबाईलवर कुणीही काही भरून घ्यायचं नाही.

आजीला तिचं वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मग म्हणाली, "नणंदेचं नाव काढा. तिचा पुढं पाट लागला, तिची लेकरं आहेत, त्यांना कशाला." सुनेनं नाव खोडलं आणि विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं राहू द्या. ते मोठ्या अक्षरात लिहा."