मूत्रपिंड विकाराचे लवकर निदान : क्रिएटिनिन ‘सामान्य’ असले तरी पुरेसे नाही

दीर्घकालीन मूत्रपिंड विकारात सुरुवातीला वेदना होत नाहीत आणि लघवीही बहुधा कमी होत नाही. पायांवर सूज, मळमळ, धाप ही लक्षणे दिसू लागतात, तोवर मूत्रपिंडांची बरीचशी कार्यक्षमता संपलेली असते. त्यामुळे लवकर निदान केवळ तपासणीतूनच होऊ शकते. व्यवहारात मात्र ही तपासणी अनेकदा रक्तातील क्रिएटिनिनच्या एका आकड्यावरच थांबते.

क्रिएटिनिन हा स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात. मात्र जवळपास निम्मी गाळणक्षमता गमावल्यानंतरही त्याचे प्रमाण प्रयोगशाळेने छापलेल्या ‘सामान्य’ मर्यादेत राहू शकते. स्नायू कमी असलेल्या कृश व वृद्ध व्यक्तींबाबत ही फसगत अधिक होते. डेसिलिटरमागे १.१ मिलिग्रॅम क्रिएटिनिन असलेल्या २५ वर्षांच्या पुरुषाचा अंदाजित गाळणदर मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर येतो. ६५ वर्षांच्या स्त्रीचा तो सुमारे ५६ भरतो. वय, लिंग व क्रिएटिनिन यांवरून काढला जाणारा हा दर म्हणजेच ‘ईजीएफआर’. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिल्यास विकार असल्याचे मानले जाते.

गाळणदर घटण्यापूर्वीच धोका दाखवू शकते ती लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची चाचणी. निरोगी मूत्रपिंडे अल्ब्युमिन हे प्रथिन सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅम वा अधिक आढळणे हा इशारा होय. मधुमेहींत तो बहुधा सर्वांत आधी मिळतो. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जोरकस व्यायामानेही हे प्रमाण तात्पुरते वाढते. म्हणून शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना देऊन चाचणी पुन्हा करावी लागते.

लघवीची एकटी चाचणीही पुरेशी नाही. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम पट्ट्यात मधुमेह वा उच्च रक्तदाब नसलेल्या अनेक शेतकरी-शेतमजुरांना, कारण निश्चित न झालेला मूत्रपिंड विकार जडला आहे. या प्रकारात लघवीतून प्रथिन फारसे जात नाही आणि रक्ततपासणीविना तो निसटू शकतो.

‘टाइप २’ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी या दोन्ही चाचण्या करणे आवश्यक असते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, कुटुंबात मूत्रपिंड विकाराचा इतिहास किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांचा दीर्घ वापर असलेल्यांनीही त्या करून घेणे हिताचे असते. या चाचण्यांचा खर्च डायलिसिसच्या तुलनेत नगण्य आहे.

गमावलेली क्षमता सहसा परत येत नाही, पण ऱ्हासाचा वेग कमी करता येतो. रक्तदाब व साखरेच्या नियंत्रणाबरोबर ‘एसीई इनहिबिटर’ किंवा ‘एआरबी’ गटातील औषधे यासाठी दिली जातात. मधुमेहासाठी विकसित झालेली ‘एसजीएलटी-२’ रोधक औषधे आता मधुमेह नसलेल्या अनेक मूत्रपिंड रुग्णांनाही दिली जातात.